भिंतीकडची जागा

आम्ही मूळचे लासूर स्टेशनकडचे, स्टेशनापासून आत ओढ्याच्या अंगाला खेडं आणि खेड्याच्या बाहेर आमची वस्ती, बाहेर म्हणजे कशी बाहेर ते तुम्हाला ठाऊक असंल, नसंल तर आज मी ते सांगत बसत नाय, त्यावर बोलायला लागले तर मूळ गोष्ट राहून जाईल. माझे आजोबा वस्तीतले पहिले ख्रिस्ती. निजामाचं राज्य होतं तवा, एक गोरा पाद्री घोड्यावरून यायचा, खाली उतरून सरळ आजोबांच्या खाटंवर बसायचा, आमच्या घरातलं पाणी प्यायचा. आजोबा म्हणायचे, मला शास्त्र काय कळलं नाय बाई, पण जो देव आपल्या माणसाला माझ्या खाटंवर बसू देतो तो देव बरा, एवढंच कळलं. एवढ्यावर बाप्तिस्मा घेतला. आज्जीनं मात्र घेतला नाय. काशीआज्जी माझी. म्हणली, तुम्ही सगळे तिकडं गेले तर देवळीतल्या देवांना निवद कोण दाखवील, ते काय उपाशी मरतील का. पण रविवारी उपासना असली की दाराशी बसून सगळी गाणी तोंडपाठ म्हणायची, पाद्र्याला भाकर तीच भाजून द्यायची आणि वरून बोलायची, लई वाळलाय मेला, ह्याची आई कुठं असंल. तशीच गेली ती, गाणी पाठ आणि बाप्तिस्मा नाय.

वडील शहरात आले, एका शाळेत शिपाई लागले, आम्ही उस्मानपुऱ्यात वाढलो. मी घरात तिसरी, रंगानं काळी आणि आवाजानं मोठी, चर्चच्या कॉयरमध्ये मला कायम शेवटच्या ओळीत उभं करायचे, कारण पुढं उभी राहिले की पेटीमास्तरचा सूर जायचा. मग मिशनच्या बायकांनी शिवणवर्गात घातलं, म्हणले हिला गाण्यापासून लांब ठेवा. ते मात्र बरं झालं. आता गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे, पाटीवर लेडीज टेलर लिहिलंय, पण निम्मं काम मयताचं. म्हणजे आमच्यात माणूस पेटीत ठेवून मातीला देतात, ती लाकडी पेटी पडेगावचे रशीदभाई सुतार करतात, आणि पेटीच्या आतलं पांढरं सॅटिन, कडंची झालर, डोक्याखालची उशी हे माझ्याकडं. उशीत मी ब्लाउजांची कातरण भरते. चर्चच्या मंडळीतले कितीतरी मोठमोठे गंभीर पुरुष शेवटी गल्लीतल्या बायांच्या ब्लाउजांच्या कातरणावर डोकं टेकून गेलेत, पण हे कुणाला बोलू नका. ब्लाउजवाल्या बाया बाहीच्या घेरावरून माझं डोकं खातात. पेटीवाल्यांची आजवर एक तकरार नाय.

तर विष्णू. आमच्यात नवऱ्याला अहो म्हणायची रीत, आई मरंपर्यंत त्यावरून मला बोलली, पण मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तवा तो मंडपवाल्याचा वायरमन होता, नाताळाला चर्चवर दिव्यांचा तारा टांगायला आला होता, आणि मी शिडीखालून ओरडत होते, अरे विष्णू तिरका झाला, अरे विष्णू तिरका झाला, ते तोंडात बसलं ते बसलं. तारा लागला आणि सगळ्या गल्लीची लाइट गेली. अंधारात तो वरून म्हणला, ताई, हलू नका, मी उतरतो. त्यानंतर ताई म्हणायचं त्यानं सोडलं.

वडलांनी एकच अट घातली, पोरानं बाप्तिस्मा घ्यावा. विष्णू म्हणला घेतो की, मला इथलं आवडतं, इथं सगळे खाली बसून एका ताटात जेवतात. त्या शब्दावर लग्न लागलं. पण आमच्या मंडळीचा बाप्तिस्मा बुडवून होतो. चर्चच्या मागं हौद आहे, पायऱ्यांचा, छातीएवढं पाणी भरतात, पाळक, म्हणजे आमचा पाद्री, माणसाच्या पाठीला हात देऊन त्याला पूर्ण खाली घालतो आणि वर काढतो. आणि विष्णूला पाण्याची भीती. साधी नाय. लहान असताना ह्याच्या डोळ्यांसमोर ह्याचा मोठा भाऊ विहिरीत गेला, हा काठावरून बघत राहिला, वर आलाच नाय तो. तवापासून हा माणूस बादलीतल्या पाण्यानंसुद्धा डोळे उघडे ठेवून अंघोळ करायचा. मला लग्नाआधी कुणी हे सांगितलं नाय, लग्नानंतर साबण डोळ्यात गेल्याच्या बोंबा ऐकल्या तवा कळलं.

दर ईस्टरला हौद भरायचा, दर ईस्टरला विष्णूचं नाव पुकारायचे, आणि दर ईस्टरला ह्याला ताप. खरा ताप बरं का, अंग भाजायचं. एकदा पांढरा झगा घालून पायरीपर्यंत गेला, मीच शिवला होता झगा, पायाला पाणी लागलं आणि हा उभ्या जागी असा थरथरायला लागला की वरची पोरं हसली. मला लाज वाटली आणि मीपण हसले, काय करणार. तवाचे म्हातारे पाळकसाहेब हौदात कमरंएवढ्या पाण्यात उभे, ते म्हणले, जा विष्णू, कपडे बदल, देवाला घाई नाय. मी चर्चच्या कमिटीला विचारलं, दुसऱ्या मंडळ्यांत कपाळावर पाणी शिंपडतात, तसं करा की. सायमनमामा कमिटीचे मोठे, ते म्हणले सुलोचना, आपल्यात शिंपडलेलं चालत नाय, वचनात, म्हणजे बायबलात, बुडवणं आहे. बरं म्हणलं. तरी विष्णू दर रविवारी चर्चला यायचा, माइक लावायचा, पंखे दुरुस्त करायचा, कुणाच्या घरी मयत झाली की रात्र असो दिवस असो, अंगणात बल्ब लावून द्यायचा. प्रभुभोजनाचं, म्हणजे प्रभूच्या नावानं वाटतात त्या भाकरीचं ताट समोरून जायचं तवा हात मागं घ्यायचा, कारण बाप्तिस्मा नाय त्याला ते चालत नाय. सगळं आयुष्य त्यानं त्या ताटावरून हात मागं घेतला, आणि मी शेजारी बसून खाल्लं.

मग म्हातारे पाळक निवृत्त झाले आणि नवे आले, तरुण, शिकलेले, बोलायला गोड, पण नरकावर लई जोर. आणि त्याच सुमाराला विष्णूची फुप्फुसं गेली. दवाखान्यात नाकाला नळी, बोलताना दम लागायचा. एका दुपारी पाळकसाहेब आणि सायमनमामा आले, प्रार्थना झाली, आणि पाळकसाहेब ह्याच्या कानाशी वाकून म्हणले, विष्णूभाऊ, आता उशीर नको, वेळ थोडा आहे, अशा अवस्थेत आपण थोडं पाणी कपाळावर लावून करू शकतो, कमिटीची मंजुरी आहे.

म्हणजे चालत होतं! इतकी वर्षं तो माणूस तापानं फणफणत होता, तवा वचनात नव्हतं, आणि आता मरायला टेकला तवा वचनात सापडलं. मला राग आला, पण भीती मलापण होती, खोटं कशाला बोलू, मी म्हणलं घे रं बाबा, काय जातं तुझं, घे.

विष्णूनं नळी जरा बाजूला केली आणि म्हणला, नको. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं नाय, आणि दम घेत घेत म्हणला, सुले, मला पाण्याचं भ्या आहे हे त्याला ठाऊक नसंल तर तो देव कसला. आणि ठाऊक असून तो मला जाळणार असंल, तर तसल्याच्या घरी मला जायचं नाय.

तेवढं बोलून डोळे मिटले. दोन दिवसांनी गेला.

पेटी रशीदभाईंनी केली, सागवानाची, आणि आतलं मी शिवलं. शेजारणी म्हणल्या आज तरी दुसऱ्या कुणाला दे, मी म्हणलं दुसऱ्या कुणाला झालर येते का इथं. शिवताना रडले नाय, टाका तिरका जातो. रडायचं ते सगळं कब्रस्तानात रडायचं ठरवलं होतं, पण तिथं दुसरंच झालं.

आमच्यात मातीला देताना पाळक म्हणतो, आमचा हा भाऊ प्रभूमध्ये निजला. प्रत्येकाला म्हणतात. दारूनं मेलेल्याला म्हणलंय, बायकोला मारणाऱ्याला म्हणलंय, मी माझ्या कानांनी ऐकलंय, त्यांच्या पेट्या मीच शिवल्यात. विष्णूच्या वेळी मी त्या शब्दांची वाट बघत उभी. पाळकसाहेब म्हणले, ह्या जीवनातून आपण सर्वांनी धडा घ्यावा, तारणाची गोष्ट उद्यावर टाकू नये. आणि प्रार्थना करून मोकळे. धडा! माझा नवरा धडा! ज्या माइकमधून ते बोलत होते तो ह्यानं दुरुस्त केलेला. माझी लेक रूथ माझा हात धरून म्हणाली, आई, ते वाक्य राहिलं का गं. मी म्हणलं राहिलं नाय, गाळलं.

आणि जागा दिली ती भिंतीकडं. आमच्या कब्रस्तानात मधल्या रांगा सभासदांच्या, माझ्या आईवडलांशेजारी माझीपण जागा राखलेली आहे. मागच्या भिंतीकडंचा पट्टा ज्यांचा बाप्तिस्मा नाय त्यांचा, आणि ज्यांनी जीव दिला त्यांचा. तिथं तण माजलेलं. तिथं उभी राहून मला माझे आजोबा आठवले, गावानं बाहेर ठेवलं म्हणून ह्या माणसानं अख्खा देव बदलला, आणि तिसऱ्या पिढीत त्याच्या नातजावयाला परत हद्दीच्या कडेला टाकलं. भिंत तेवढी बदलली बगा.

मी रशीदभाईंना हे सगळं सांगितलं, ते दुसऱ्या एका पेटीचं माप द्यायला आले होते. रंधा मारून मारून त्यांचा खांदा वाकलाय, बोलतात हळू. म्हणले, भाभी, दिल छोटा नक्को करो, हमारे यहाँ भी तुम लोगां के बारे में ऐसाइच बोलते. मी म्हणलं म्हणजे तुमच्या हिशोबानं मी जळणार आणि आमच्या हिशोबानं तुम्ही. ते म्हणले, हौ, तो चलो वहींच दुकान डालेंगे, लकड़ी मेरी, कपड़ा तुम्हारा. आम्ही दोघं इतकं हसलो की गिऱ्हाईक दारातून परत गेलं. पण ते गेल्यावर मला परत राग आला, हसून राग जात नाय, बसतो नुसता.

वर्ष झालं तवा घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली. मला ठेवायची नव्हती, रूथनं ठेवली, म्हणली लोक काय म्हणतील. आमच्या सभेत साक्ष द्यायची रीत आहे. एकेकानं उभं राहायचं आणि देवानं माझ्यासाठी काय केलं ते सांगायचं, कुणाचा ताप उतरला, कुणाच्या पोराला नोकरी लागली, सगळे म्हणणार आमेन, खाली बसायचं. सगळ्यांचं झालं आणि पाळकसाहेब म्हणले, सुलोचनाताई, तुमची साक्ष.

मी उभी राहिले. मी म्हणलं माझी साक्ष अशी आहे, की मला ह्या देवाची शरम वाटते. कुणी आमेन म्हणलं नाय. मी म्हणलं, तुम्ही शिकवता की देव बाप आहे. मी गल्लीतले लई बाप बघितलेत, दारुडे बघितलेत, पोराला पट्ट्यानं मारणारे बघितलेत, पण पोरगं पाण्याला भ्यालं म्हणून त्याला चुलीत घालणारा आणि कधीच बाहेर न काढणारा बाप मी बघितला नाय. चोराला शिक्षा होते, ती संपते. खुन्याची संपते. ह्याचीच काऊन संपत नाय? आणि मी चांगली म्हणून वर जाणार म्हणता, पांढरा झगा घालून गात बसणार, आधीच माझा आवाज असा, आणि खाली विष्णू जळत असताना मी गायचं? मला तिथं करमंल का? आणि करमलं तर मी माणूस राहीन का?

सायमनमामा म्हणले बस आता, सुलोचना. मी म्हणलं मामा, तुम्ही आधी सांगा, तुमची आज्जी कुठं आहे? ते चष्मा पुसायला लागले. मी म्हणलं माझी काशीआज्जी तिथंच असंल मग, पाद्र्याला भाकरी भाजून देणारी. इथं बसलेल्या प्रत्येकाची पणजी तिथंच आहे, आपण काय आदम-हव्वाच्या काळापासून ख्रिस्ती आहोत का? सगळं गणगोत खाली आणि वर कोण, तर गोरे पाद्री, त्यांच्या मडमा आणि आपली कमिटी. कमिटीबरोबर मी इथं तासभर बसले तर माझं डोकं दुखतं, तिथं तर घड्याळच नाय.

मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि लगेच खोकलं.

पाळकसाहेब चिडले नाहीत, ते मला कबूल करावं लागंल. ते हळू म्हणले, ताई, सगळेच आत जाणार असतील तर प्रभू वधस्तंभावर कशासाठी गेला? ते रक्त वाया गेलं का?

मी म्हणलं ते मला ठाऊक नाय, तुम्ही शिकलेले, तुम्ही शोधा, पण तुमचं उत्तर बरोबर यावं म्हणून माझ्या नवऱ्याला जाळू नका. आणि खाली बसले. गुलाबजाम कुणी घेतले नाहीत, आठवडाभर आम्ही खाल्ले.

मग कमिटीचा निरोप आला की बोललेलं मागं घ्या, नायतर प्रभुभोजन बंद. मी म्हणलं बंद करा, ज्या ताटावरून त्यानं हात मागं घेतला त्यावर मला आता भूकच नाय. आणि वडलांशेजारची जागा दुसऱ्या कुणाला द्या, मला मेल्यावर भिंतीकडं ठेवा, विष्णूशेजारी. सायमनमामा म्हणले, तसं करता येत नाय, भिंतीकडची जागा बाप्तिस्मा नसलेल्यांची, तुझा झालेला आहे. मी म्हणलं मग माझा काढून टाका. ते म्हणले झालेला बाप्तिस्मा काढता येत नाय. अरे, म्हणलं, मी शिवलेलं सगळं उसवता येतं आणि तुमचं हे एवढं उसवत नाय? रूथ म्हणली, आई, तू भांडून भांडून दोन्हीकडची जागा घालवशील, मग तुला दुकानातच पुरावं लागंल. पोरगी माझ्यावर गेलीय.

परवा परवा पाळकसाहेब दुकानात आले. एकटेच, शिवण उसवलेला झगा घेऊन. स्टुलावर बसले, मी मशीन चालवत राहिले, चहा विचारला नाय. मग म्हणले, तुम्ही त्या दिवशी सायमनमामांना विचारलं, ते घरी गेल्यावर माझ्या बायकोनं मला विचारलं. माझ्या आज्जीनंपण बाप्तिस्मा घेतला नव्हता, पैठणकडं असायची, मला तिनंच वाढवलं. मी म्हणलं मग? ते म्हणले, मग काही नाही. ती नरकात आहे असं मला म्हणवत नाही, आणि नाही असं शिकवताही येत नाही. पण त्यानंतर मला त्या विषयावर प्रवचन करता आलेलं नाही.

मला त्यांची दया यायला पाहिजे होती, आली नाय. मी म्हणलं तुमच्या आज्जीसाठी तुमची जीभ अडली, माझ्या नवऱ्याच्या वेळी चांगली चालली. ते म्हणले, व्हय ताई, चालली. मराठवाड्याचं व्हय आलं त्यांच्या तोंडातून, एरवी पुस्तकातलं बोलतात. मग म्हणले, मी इथं आहे तोवर तुम्हाला काही झालं तर मी तुम्हाला भिंतीकडं ठेवीन, कमिटीशी मी बघतो. पुढच्या पाळकाचं मला सांगता येणार नाही. मी विचारलं तुमची बदली कधी. ते म्हणले अजून दोनेक वर्षं असेन. म्हणजे घ्या, आता मला घाई करायला पाहिजे. शिवण घालून दिली आणि मग चहा सांगितला.

तर हे असं आहे बगा. चर्चला जाते, गाणी म्हणते, शेवटच्या ओळीतूनच. प्रार्थनेला डोळे मिटले की आत भांडण सुरू होतं, आमेन म्हणायची वेळ येते तरी माझं संपलेलं नसतं. देव आहे का नाय ह्यावर मला कुणाशी वाद घालायचा नाय, तो कसा आहे एवढंच मला विचारायचंय, आणि पाळकाला नाय, त्यालाच. रूथला मी बजावून ठेवलंय, की मला कुठंही ठेवोत, मधल्या रांगेत नायतर भिंतीकडं, पण माझ्या पेटीवर कुणालाही म्हणू देऊ नकोस की आमची ही बहीण प्रभूमध्ये निजली. जे त्याच्यासाठी म्हणलं नाय ते माझ्यासाठी म्हणायचं नाय. ती रडली, मग हो म्हणली. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, कान दुखले असतील, देव तुमचं भलं करो. बघा, तोंडात तेच येतं.